अंगावरचा पैरा

राजारामपुरीत आठव्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर प्रियदर्शनींचा दातांचा दवाखाना आहे. तिथं दात दाखवायच्या आधी पूर्णिमाला तोंड दाखवावं लागतं. दार ढकललं की समोरच तिचं टेबल. टेबलावर संगणक, फोन आणि रडक्या पोरांसाठी ठेवलेली एक रबरी मगर. मगरीचे दात मोजायला लावून तिनं भल्याभल्या पोरांना गप्प केलं आहे. मोठ्यांसाठी मगर लागत नाही. नंबर न लावता 'मॅडम मोकळ्या हायत न्हवं?' म्हणत आत घुसणारे पावणे कोल्हापुरात काही कमी नाहीत, पण पूर्णिमानं नुसतं मान वर करून बघितलं की ते मुकाट बाकावर जाऊन बसतात.

अशी ही बाई. माणसाला भीत नाही, आणि मदत मागायची म्हटलं की हिच्या जिभेला गाठ पडते. ही गाठ कशी सुटली, तेवढंच सांगायचं आहे.

पूर्णिमा चंदगड तालुक्यातली. डोंगरातलं गाव, भात आणि काजू, पावसाळ्यात शेवाळलेल्या भिंती. बारावीला गणितात शाळेत पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा यशराज शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला. माणूस सरळ, बायकोनं काय शिकावं आणि काय नाही यात नाक न खुपसणारा. दवाखान्यातली नोकरी तिनं स्वतः शोधली. दुपारी मॅडम जेवायला घरी गेल्या की दवाखाना ओस पडतो. त्या ओस वेळात फोनवर व्हिडिओ बघत बघत ती प्रोग्रामिंगला लागली. का लागली, याचं उत्तर तिनं कुणाला दिलं नाही, पण ते साधं होतं. आपण स्वतः बनवलेली एक तरी गोष्ट जगात चालावी, असं तिला फार वाटायचं.

मग उन्हाळ्यात एक विक्रेता आला. रुग्णांच्या वेळा ठरवणारा, आदल्या दिवशी त्यांना आठवण करणारा तयार प्रोग्राम त्यानं मॅडमना दाखवला. रूट कॅनॉलच्या माणसाला तीन-चारदा बोलवावं लागतं, आणि तो नेमका तिसऱ्या वेळेला विसरतो, म्हणून मॅडमना तसलं काहीतरी हवंच होतं. विक्रेता गेल्यावर पूर्णिमा म्हणाली, "मॅडम, हे मी करून बघू का?"

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. त्या हसल्या नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. "दिवाळीपर्यंत करून दाखव," त्या म्हणाल्या. "चाललं तर ते सगळं तुझ्या हातात, आणि मग तू नुसती फोन घेणारी राहणार नाहीस. नाही चाललं तर मी विकतचं घेणार. तेव्हा तोंड पाडायचं नाही."

पूर्णिमा त्या दिवशी घरी गेली ती हवेत.

हवेतून खाली यायला फार वेळ लागला नाही. व्हिडिओतल्या माणसाचा प्रोग्राम बोट लावताच चालायचा. तिचा मात्र दर दुसऱ्या ओळीला बसकण मारायचा. त्या सुमाराला तिला 'अडलंय कुठं' सापडलं. मराठीतून प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचा हा एक ऑनलाइन समूह. इथं नवशिक्यांनी अडचण टाकायची आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगायचं. नियम तीनच. काय केलं ते लिहा, काय व्हायला हवं होतं ते लिहा, काय झालं ते लिहा. 'अर्जंट आहे' लिहिलं तर कुणी लवकर येत नाही, हेही वर ठळक अक्षरांत होतं.

पहिल्यांदा प्रश्न विचारला तेव्हा तिनं लिहिलं, 'माझ्या एका मैत्रिणीला असं अडलं आहे.' ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची ही तऱ्हा. सम्राट नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं. हा समूहातला जुना माणूस, पुण्यात नोकरीला. उत्तर नीट, पायरीपायरीनं समजावलेलं, आणि शेवटी 'मैत्रिणीला सांगा, छान जमतंय' असं लिहिलेलं. मैत्रीण लाजली. पण अडलेलं सुटलं, आणि प्रोग्राम पुढं सरकला. मग दुसऱ्यांदा अडलं, तिसऱ्यांदा अडलं, आणि बहुतेक वेळा सम्राटच धावून आला. दर प्रश्नाच्या शेवटी पूर्णिमा एक वाक्य न चुकता लिहायची: 'याच्या बदल्यात माझ्याकडून काही काम होण्यासारखं असेल तर जरूर सांगावं.'

शहरातल्या माणसाला हे वाक्य शिष्टाचाराचं वाटेल. तसं ते नव्हतं. पूर्णिमाच्या गावाकडं भाताची लावण आणि कापणी पैऱ्यानं होते. आज तुम्ही चारजणी माझ्या वाफ्यात या, उद्या मी तुमच्या वाफ्यात येते. मजुरी नाही, हिशेब तोंडी, आणि तो कुणी विसरत नाही. ज्याचा पैरा अंगावर राहिला त्याला पाणवठ्यावर मान खाली घालून जावं लागतं. पूर्णिमाची आई बायडाबाई या बाबतीत तर भलतीच काटेकोर. पूर्णिमा लहान असताना बाप केरबा काजूच्या झाडावरून पडला आणि तो पावसाळा अंथरुणावर पडून होता. त्या साली गावातल्या बायकांनी येऊन यांचं शेत लावलं. पुढं कितीतरी वर्षं बायडाबाई पहाटे उठून एकेकीच्या शेतात पैरा फेडत राहिली. वरच्या आळीची आक्का तेव्हा सगळ्यांत आधी आली होती, आणि त्याच थंडीत ती वारली. तिचं शेत आता पुतण्या करतो, तरी आजही बायडाबाई दर लावणीला आणि दर कापणीला तिच्या शेतातला एक वाफा करते, मगच आपल्या शेताकडं वळते. पूर्णिमानं हे बघत बघत परकर सोडून साडी नेसली. मेलेल्या माणसाचासुद्धा पैरा ठेवायचा नाही, एवढं तिला पाठ होतं.

आता सांगा, अशा बाईनं सम्राटचं उत्तरामागून उत्तर घेऊन गप्प कसं बसावं?

सम्राटनं एकदा तिच्या त्या शेवटच्या वाक्याला उत्तर दिलं. 'काही नको ताई, तुम्ही शिकताय तेच पुष्कळ.' लिहिणाऱ्यानं चांगल्या मनानं लिहिलं होतं. पूर्णिमाला मात्र ते लागलं. तिच्या गावात 'तू यायला नको' असं म्हाताऱ्याला म्हणतात, नाहीतर ज्याच्या हातानं काम होत नाही त्याला म्हणतात. ती धडधाकट होती. तिला नको का म्हणावं?

दसरा झाला आणि प्रोग्रामनं नवीनच खोडी काढली. तोवर तो बऱ्यापैकी चालायचा. उद्याचे रुग्ण वर, परवाचे खाली, असा क्रम नीट लावायचा. पण नोव्हेंबरमधल्या वेळा भरायला घेतल्या तसा पुढच्या महिन्याच्या एक तारखेचा माणूस यादीत सगळ्यांत वर जाऊन बसला आणि ऑक्टोबरच्या अठ्ठावीसचा पार तळाला गेला. प्रोग्राम आठवण यादीतल्या वरच्यांनाच करायचा. अंबूबाई नावाची एक म्हातारी, गाल सुजलेला, तळाला गेलेली, तिला आठवणीचा फोन गेलाच नाही आणि तिची वेळ चुकली. ती दुसऱ्या दिवशी गालाला फडकं बांधून आली आणि बाकावर बसून कण्हत राहिली. मॅडमनी तिला आत घेतलं आणि जाता जाता पूर्णिमाला म्हणाल्या, "विक्रेत्याचा नंबर अजून आहे ना आपल्याकडं?"

बस, एवढंच म्हणाल्या.

समूहात विचारलं असतं तर संध्याकाळच्या आत सुटलं असतं. पण आधीचाच इतका पैरा अंगावर, त्यात आणखी कशाला, असं तिच्या मनानं घेतलं. आधी थोडा फेडू, मग विचारू. सम्राट काही करू देत नाही, तर त्याच्या वाटणीची उत्तरं आपण देऊ. म्हणजे हिशेब बरा होईल. विचार अगदी सरळ होता. फक्त एक गोष्ट राहून गेली, की लावणीला जायचं तर लावणी यावी लागते.

दुपारच्या ओस वेळात ती दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लागली. पहिलं उत्तर बरोबर निघालं, आणि तेच वाईट झालं. दुसरा प्रश्न हंबीरराव नावाच्या गृहस्थांचा होता. त्यांनी लिहिलं होतं की एका फाइलीत मी बरीच माहिती साठवली आहे, तिच्यात नवीन भर घालताना प्रोग्राम चूक झाल्याचा संदेश देतो, काय करावं. पूर्णिमानं आपल्या प्रोग्रामकडं बघितलं. तिचा फाइल उघडायचा प्रकार वेगळा होता आणि तो छान चालत होता. तिनं लिहून टाकलं, 'तुमच्याऐवजी अशी उघडा. माझं असंच चालतं.'

फाइल उघडायच्या पद्धती असतात. एकीत जुन्याच्या खाली नवीन लिहिलं जातं. दुसरीत आधी पाटी स्वच्छ पुसली जाते आणि मग लिहिलं जातं. पूर्णिमाचा प्रोग्राम दर वेळी सगळी यादी नव्यानं लिहायचा, म्हणून तिला पुसणारी पद्धत चालत होती. ती पुसते हेच तिला ठाऊक नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे.

संध्याकाळी हंबीररावांचा निरोप आला. 'तुम्ही सांगितलं तसं केलं. माझी फाइल रिकामी झाली.' त्यापुढं काही नाही. शिवी नाही, तक्रार नाही. शिवी असती तर बरं वाटलं असतं.

सम्राटनं खाली चूक काय ते समजावलं आणि सगळ्यांना उद्देशून लिहिलं की खात्री नसेल तर तसं आधी सांगावं, आणि अशी फाइल हाताळण्यापूर्वी तिची दुसरी प्रत काढून ठेवावी. तो तिला एका शब्दानं बोलला नाही. पूर्णिमानं फोन पालथा ठेवला आणि मगरीकडं बघत बसली. मग तिनं हंबीररावांना वेगळा निरोप लिहिला: 'फाइलीत काय होतं?'

ते इचलकरंजीचे निघाले. साठी उलटलेले, सगळा जन्म मागाच्या शेडमध्ये गेलेला. जुन्या मागांच्या डोक्यावर डॉबी नावाचं यंत्र बसवलेलं असतं. त्यात लाकडी पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीच्या कुठल्या भोकात खुंटी आहे आणि कुठलं रिकामं, त्यावर कुठले धागे उचलायचे ते ठरतं, आणि त्यातून साडीच्या काठाची नक्षी उतरते. हंबीररावांच्या शेडमध्ये अशा नक्ष्यांच्या माळा भिंतीवर टांगलेल्या होत्या. मुलगा राजवर्धन नवीन माग आणणार होता, जुने भंगारात जाणार होते आणि पट्ट्या बहुधा चुलीत. म्हणून म्हातारा प्रोग्रामिंग शिकत होता. खुंटी असेल तिथं एक, रिकामं असेल तिथं शून्य, असं त्यानं एका बोटानं टायपून एकेक नक्षी फाइलीत उतरवली होती. ती फाइल पूर्णिमानं कोरी केली.

'भंगारवाला कधी येणार?' तिनं विचारलं.

'सोमवारी.'

'मी रविवारी येते,' तिनं लिहिलं. हंबीररावांनी पत्ता दिला, पण ही बाई खरंच येईल असं काही त्यांना वाटलं नाही. लोक असं म्हणतात.

रविवारी पूर्णिमा सकाळच्या एसटीनं इचलकरंजीला उतरली. पिशवीत यशराजचा लॅपटॉप आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या. शेडच्या दारात हंबीरराव बनियनवर उभे होते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोण पावणं?"

"मी पूर्णिमा. फाइल रिकामी केली ती."

हंबीररावांनी दार पुरतं उघडलं. मग म्हणाले, "आलीस खरं. बस त्या खुर्चीवर. चा घेतीस?"

"आधी काम करू, काका."

शेडमध्ये माग थांबलेले होते. तेलाचा आणि सुताचा वास कोंडला होता. हंबीररावांनी भिंतीवरून पहिली माळ उतरवली, मांडीवर घेतली आणि पट्टी पट्टी वाचायला लागले. खुंटी, रिकामं, रिकामं, खुंटी. खुंटी, खुंटी, रिकामं. पूर्णिमा टायपत गेली. आधी अडखळत, मग लयीत. लावणीला एकजण रोपांची मूठ सोडतो आणि दुसरा मागोमाग चिखलात रोवत येतो, तसं चाललं होतं. एकट्या माणसाला महिने लागले होते ते दोघांत भराभर व्हायला लागलं, कारण हंबीररावांना पट्टीवरची नजर काढावी लागत नव्हती आणि तिला पडद्यावरची. दर नक्षी झाली की ती फाइलीची प्रत काढून ठेवायची. एवढं ती आता शिकली होती.

दुपारी तिनं भाकरी सोडली तशी हंबीररावांच्या बायकोनं, तानूबाईंनी, ती हातातून काढून घेतली. "आमच्यात आल्यावर आमचं खायचं," त्या म्हणाल्या आणि तांबड्या रश्श्याची वाटी पुढं सरकवली. पूर्णिमा खुश झाली. पैऱ्याला बोलावणाऱ्यानं जेवण घालायचं असतं. इथं सगळं रीतीनं चाललं होतं.

ऊन उतरलं तशी शेवटची माळ संपली. हंबीररावांनी प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी एक काठ उमटला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. "ह्यो माझ्या बाच्या येळचा," ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले. पूर्णिमाला एकदम रडू आलं. तिनं ते दाबलं.

"काका, फिटला का आता माझा पैरा?"

"कसला पैरा?"

हातमागाच्या आणि यंत्रमागाच्या गावात पैरा कशाला असणार? मग तिनं सगळं सांगितलं. गाव, वाफे, सम्राटची उत्तरं, त्याचं 'काही नको', आणि ते फेडायला म्हणून तिनं दिलेली उत्तरं. हंबीरराव ऐकता ऐकता हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"म्हंजे पैरा त्या सम्राटचा," ते म्हणाले, "आन नांगर घातलास माझ्या उभ्या पिकात."

तीही हसली. हसण्यासारखंच होतं.

"आन तुझं सोताचं काय अडलंय?"

"काही नाही."

"अडल्याबिगर तिथं कोन येतंय?"

तिनं तारखांचं सांगितलं. एक तारीख वर आणि अठ्ठावीस खाली. हंबीररावांनी डोकं खाजवलं. "मला न्हाय बा कळत. इचार की तिथं."

"आता कुठल्या तोंडानं विचारू, काका? तुमची फाइल घालवली ते सगळ्यांनी बघितलं. सम्राटनीही बघितलं."

"मग काय करनार?"

"बघते," पूर्णिमा म्हणाली आणि एसटीला उठली.

बघते म्हणाली, पण बघितलं काही नाही. हंबीररावांचं फिटलं म्हणून तिचा एक खांदा हलका झाला होता, दुसरा तसाच. आठवडाभर ती तारखांशी एकटीच झोंबत राहिली. एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडावं. रुग्णांना ती चुकू नये म्हणून हातानं फोन करायची, आणि हातानंच फोन करायचे तर प्रोग्राम काय उपयोगाचा, हे तिलाही कळत होतं. मॅडमनी गुरुवारी विक्रेत्याला फोन केला. दाराआडून पूर्णिमानं ऐकलं. तो सोमवारी येणार होता.

शनिवार-रविवार दवाखाना बंद होता आणि गावाकडं भाताला विळा लागला होता. यशराजला कामावर जायचं होतं, ती एकटीच चंदगडच्या एसटीत बसली. डोकं बंद करून दोन दिवस कापायचं, असं तिनं ठरवलं होतं.

दव अजून सुकलं नव्हतं तेव्हा बायडाबाई विळा घेऊन निघाली, ती सरळ आक्काच्या शेतावर. पूर्णिमा मागोमाग. पुतण्या बांधावरून ओरडला, "काकू, ह्या खेपंला तरी ऱ्हाऊ दे की." बायडाबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कडेच्या वाफ्यात वाकली. पूर्णिमाही वाकली. मायलेकी कापत पुढं सरकल्या. मुठी मागं पडत गेल्या.

"आये," पूर्णिमा म्हणाली, "आक्काचा पैरा अजून फिटला न्हाय व्हय?"

"फिटाय काय झालंय? दुसऱ्याच साली तिच्या पुतण्याच्यात लावण करून फेडला."

पूर्णिमाचा विळा थांबला. "मग ह्यो वाफा?"

"ह्यो पैऱ्याचा न्हवं."

बायडाबाई सरळ झाली. कंबरेला हात लावून तिनं श्वास घेतला. तिकडच्या बायका बोलताना 'गेलो, आलो' असंच म्हणतात; बायडाबाईही तशीच बोलते.

"तुझा बा पडला, त्या साली रोपं उपटायला आलती आन मी घरात बसून ऱ्हायलो. पैरा मागावा तर फेडनार कोन? घरात एकटी मी, आन त्येला उठवायचं, बसवायचं. तवा मी कुनाच्या दारात गेलोच न्हाय. मानसं म्हनाली, हिनं गडी ठरवलं असतील. रोपं पिवळी पडाय लागली. मी रोज जाऊन बघायचो आन परत यायचो. निम्मी रोपं कुजून गेल्यावर आक्का आली. दारातनंच वराडली, मागाय जीभ झडलीती काय तुजी म्हून. मग तिनंच आळीतल्या सगळ्यांस्नी हाक मारली. सगळ्या आल्या. कुनी न्हाय म्हटलं न्हाय."

"मला वाटायचं, सगळं शेत लावलं होतं."

"निम्मंच लागलं. त्या साली निम्मंच भात झालं. पोटाला चिमटा काढला ते तुला ठावं न्हाय, ल्हान हुतीस तू." बायडाबाई पुन्हा वाकली. "पैरा अंगावर ऱ्हायला तर फेडता येतो. रोपं कुजली ती कुजली. मी न मागता बसलो, तेची याद ऱ्हावी म्हून ह्यो वाफा कापतो. आक्काला काय त्याचं? ती गेली कवाच."

पूर्णिमा उभी राहिली. इतकी वर्षं तिनं हा वाफा बघितला होता आणि उलटाच वाचला होता. आईनं कुणाचं घेऊ नये हे शिकवलं असं तिला वाटत होतं. आई तर भलतंच काहीतरी स्वतःला शिकवत आली होती, आणि मुलगी रोपं पिवळी पडेपर्यंत रोज जाऊन बघून परत येत होती.

"आये, मी जरा आलो," ती म्हणाली. खूप वर्षांनी तिच्या तोंडून तसं निघालं.

गावात रेंज येते ती देवळामागच्या टेकाडावर. तिथं दगडावर बसून तिनं मातीचे हात पदराला पुसले आणि फोन उघडला. समूहात लिहायला घेतलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मैत्रिणीचं नाव नाही. 'मला अडलं आहे,' तिनं लिहिलं. 'दातांच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम करते आहे. सोमवारच्या आत चालायला हवा.' शेवटी सवयीनं बोटं पुढं गेली आणि ते वाक्य उमटलं: 'याच्या बदल्यात माझ्याकडून काही काम होण्यासारखं असेल तर...' तिनं ते वाचलं आणि पुसून टाकलं.

पहिलं उत्तर हंबीररावांचं आलं. 'मला येत नाही. पण वाचतोय.' मग कुणी साक्षी नावाच्या मुलीचं आलं, तिचं पूर्णिमानं कधी नावही ऐकलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं की तुमच्या तारखा संगणकाला तारखा वाटतच नाहीत, नुसती अक्षरं वाटतात, म्हणून तो त्या शब्दकोशासारख्या लावतो आणि शून्य-एक हे दोन-आठच्या आधी येतं. आधी त्यांची खरी तारीख करून घ्या. खाली कसं करायचं तेही दिलं होतं. आणि त्याच्याखाली सम्राटनं लिहिलं होतं, 'साक्षी बरोबर सांगते आहे. इतके दिवस कुठं होता, ताई?'

पूर्णिमानं ते दोनदा वाचलं. खाली आक्काच्या वाफ्यात आई एकटीच पुढं सरकत होती, अर्धा वाफा कापायचा राहिला होता. ती टेकाड उतरून गेली आणि आईच्या बाजूची ओळ धरली.

"कुटं गेलतीस?" बायडाबाईनं मान वर न करता विचारलं.

"मागायला," पूर्णिमा म्हणाली.